ओळंब्याने पाहिलेल्या दोन भिंती

मित्रांनो, बेळगावात अनगोळला भरमू मिस्त्री म्हणून एक म्हातारे गवंडी राहतात. त्यांच्या घरातला मी पितळी ओळंबा. माझे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. आकाराने मी मोठ्या लिंबाएवढा, खाली निमुळता, वर दोरी ओवायला भोक. काही मुलांना मी भोवरा वाटतो. पण माझे हलणे पुरते थांबले, की मगच माझे काम सुरू होते.

ते काम सोपे आहे. माझ्याबरोबर एक लाकडी ठोकळी असते, बरोबर माझ्या रुंदीची. ती भिंतीच्या माथ्याशी टेकवायची आणि दोरीने मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम शिवून राहिलो, तर भिंत ताठ. भिंत आणि मी यांच्यात फट पडली, तर भिंत कलली. दोरी मधेच कुठे अडली, तर भिंतीने पोट काढले. एवढेच मला सांगता येते. त्यापुढे काय करायचे, ते माणसांनी ठरवायचे असते. माझ्या साऱ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे.

माझा जन्म शहापुरातल्या एका ओतारी कारागिराच्या भट्टीत झाला. भरमू मिस्त्रींचे वडील गुंडू मिस्त्री यांनी घरातली फुटकी कळशी त्याला नेऊन दिली आणि तिच्या पितळेतून मला ओतून घेतले. उरलेल्या पितळेचा एक लहान तांब्या करून घेतला, म्हणून घरात भांडण झाले नाही. गुंडू मिस्त्रींबरोबर मी कॅम्पातल्या बंगल्यांवर गेलो, खानापूरकडच्या गावांत गेलो. तेव्हा भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असत. चुना बैलांच्या घाण्यात मळून मळून लोण्यासारखा करावा लागे. गुंडू मिस्त्री तो बोटावर घेऊन बघत आणि नाही जमला तर पुन्हा मळायला लावत. घाई कुणालाच नसे. मीही आरामात लोंबत असे.

अनगोळच्या एका गल्लीत मराठी शाळा बांधायचे ठरले, तेव्हा भरमू मिस्त्री बाविशीतले होते. गल्लीतल्या लोकांनी चिरे वाहिले, बायकांनी पाणी भरले. चौथीच्या वर्गाची उत्तरेची भिंत गुंडू मिस्त्रींनी मुलाला एकट्याला बांधायला दिली. ती पुरी झाल्यावर त्यांनी हातभर अंतरावर एकेक ठिकाणी मला सोडून पाहिले. सगळीकडे मी भिंतीला नुसता शिवलो. गुंडू मिस्त्री शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी दोरी गुंडाळली, मला मुलाच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "आता ह्यो तुझा."

त्यानंतरची चाळीस वर्षे मी भरमू मिस्त्रींच्या पिशवीत काढली. हळूहळू चुना गेला, सिमेंट आले. चिरे गेले, काँक्रीटचे खांब आले. भरमू मिस्त्रींचा मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत लागला. मी खुंटीवर टांगला गेलो. मग नात मोठी झाली. तिचे नाव रूपाली. लहानपणी ती त्याच मराठी शाळेत, त्याच चौथीच्या वर्गात शिकली आणि पुढे आर्किटेक्ट झाली. आमच्या घराने दोन पिढ्या भिंती बांधल्या होत्या, पण नकाशा कधी काढला नव्हता. निकाल लागला त्या दिवशी भरमू मिस्त्रींनी मला चिंचेने घासून लखलखीत केले आणि रूपालीच्या हातात दिले.

"आज्जा, आता लेझर असतंय की," ती हसून म्हणाली.

"असू दे. ह्येला बॅटरी लागत न्हाय," ते म्हणाले.

रूपालीला टिळकवाडीत सुहास सरांच्या ऑफिसात नोकरी लागली. सुहास सरांचे नाव मोठे होते. तरुणपणी त्यांनी बेळगावातली जुनी घरे, मठ, वेशी, बाजारातल्या माड्या फूटपट्टीने मोजून त्यांची चित्रे काढली होती. ती चित्रे ऑफिसच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेली होती. ती पाहूनच रूपाली तिथे गेली होती.

पण मित्रांनो, तिथे रोज चालणारे काम वेगळे होते. येणारा प्रत्येक जण म्हणे, "आम्हाला हेरिटेज लुक पाहिजे." मग काँक्रीटच्या चौकोनी इमारतीला फायबरच्या कमानी चिकटवायच्या. पोकळ खांबांवर सागवानाचा रंग मारायचा. पणती ठेवता येणार नाही असे कोनाडे करायचे. ज्या गावात खरी कमान पाडून रस्ता रुंद होत होता, त्याच गावात खोट्या कमानींना मागणी होती. रूपाली दिवसभर संगणकावर त्या काढत बसे. मी तिच्या टेबलाच्या खणात असे. सुहास सर वाईट मनुष्य नव्हते. कधी कधी ते आपल्याच जुन्या चित्रांपुढे उभे राहत आणि चहा थंड होईपर्यंत तिथून हलत नसत.

चार वर्षांपूर्वी निपाणीहून मार्तंडराव आले. त्यांच्या आजोबांची तंबाखूची वखार होती. काळ्या दगडाचे जोते, भाजक्या विटांच्या चुन्यातल्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर कौले. मार्तंडरावांना तिथे मंगल कार्यालय बांधायचे होते. वखार पाडायची परवानगी हवी, तर इमारत धोकादायक आहे असे पत्र लागणार होते. अर्ध्या वखारीत अजून तीसेक बायका तंबाखू निवडायच्या. ते पत्र मिळाले, की त्यांनाही बाहेर काढता येणार होते.

पाहणीला सुहास सरांनी रूपालीला पाठवले. ती मला घेऊन निपाणीच्या बसमध्ये बसली. किती वर्षांनी मला काम मिळाले होते! वखारीत शिरताच रूपालीला एकामागून एक शिंका आल्या. बायका हसल्या. त्यांच्यात अंबुबाई सगळ्यांत वडीलधारी होत्या. तोंडाला पदर बांधून त्या पानांच्या ढिगापाशी बसल्या होत्या.

"बस हितं दाराजवळ. नवं माणूस शिंकतंयच," त्या म्हणाल्या. "आन् ही भवरी कसली गं?"

रूपालीने त्यांना मी कोण ते सांगितले आणि दिवसभर चारही भिंतींना मला लावून पाहिले. उत्तर, दक्षिण, पूर्व या तीन भिंतींना मी असा शिवलो, की भरमू मिस्त्रींच्या हाताची आठवण यावी. पश्चिमेच्या भिंतीपाशी मात्र दीड बोट फट पडली. शेजारच्या गटाराचे पाणी तिच्या पायात मुरत होते. रूपालीने सगळे वहीत लिहिले. अंबुबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"पोरी, खरं सांग. पडंल काय गं ही आमच्या अंगावर?"

"न्हाय मावशी. तीन भिंती ताठ हाईत. ही एक कलल्याली हाय, पण दुरुस्त हुतीया. गटाराचं पाणी तेवढं वळवाय पायजे."

अंबुबाईंनी आत वळून मोठ्याने सांगितले, "ताठ हाय म्हणं गं!" आणि बायका पुन्हा कामाला लागल्या. निघताना त्यांनी रूपालीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

दोन दिवसांनी सुहास सरांनी तिचा अहवाल वाचला. त्यांनी पेन घेतले आणि काही ओळींवर रेघ मारली.

"रूपाली, तीन भिंती ताठ आहेत, हे कुणी विचारलेलं नाही. आणि 'दुरुस्ती शक्य आहे' हे वाक्य काढ."

"पण सर, तसं वाचलं तर सगळी वखार पडायला आलीय असं वाटेल."

"मी तुला खोटं लिहायला सांगतोय का? पश्चिमेची भिंत कललीय. हे खरं आहे ना? तेवढंच लिही." त्यांनी पेनाला टोपण लावले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपण नाही दिलं तर दुसरा कुणीतरी देईल. निदान आपल्या हातात काम राहिलं तर तिथले चार सागवानी खांब आपण नव्या हॉलमध्ये वापरू. प्रवेशाला वखारीचा मोठा फोटो लावू. वारसा असाच जपावा लागतो आता."

रूपालीने अहवाल पडद्यावर पुन्हा उघडला. तिला नोकरीला लागून वर्ष व्हायचे होते. शेवटी तिने त्या ओळी काढल्या. उरलेल्या कागदावर पाहणी करणाऱ्याच्या जागी आपली सही केली. मी टेबलावरच होतो. पुढे काय होणार, ते मला कळत होते. पण मला वाणी नाही, आणि दोरी कुणी धरल्याशिवाय मी काही दाखवूही शकत नाही.

पत्रावर परवानगी मिळाली. महिन्याभरात वखार रिकामी झाली. नव्या कार्यालयासाठी जागेची मापे घ्यायला रूपाली पुन्हा निपाणीला गेली, तेव्हा मी तिच्या खांद्याच्या पिशवीत होतो. आत जेसीबी चालू होता. पत्र्याच्या कुंपणाबाहेर अंबुबाई उभ्या होत्या. त्यांनी तिला लगेच ओळखले.

"तूच ती न्हवं? ताठ हाय म्हणालतीस?"

रूपालीने होकारार्थी मान हलवली.

"मी सगळ्या बायांस्नी सांगितलं, शिकल्याली पोरगी हाय, मापून बघून सांगालीया. मंग तुझ्याच सहीचं कागूद दाखवून आमास्नी भाईर काढलं. आता बाया मला इच्यारत्यात, आक्का, कुणाचं खरं? काय सांगू?"

"मावशी..." एवढेच रूपालीच्या तोंडून आले. अंबुबाई निघून गेल्या. आत जेसीबी पूर्वेच्या भिंतीला धडका देत होता. भिंत हटत नव्हती. चालक वैतागून खाली उतरला आणि म्हणाला, "कोण म्हणतंय हिला धोकादायक?" तीन ताठ भिंती पाडायला त्यांना सहा दिवस लागले.

त्या दिवसानंतर रूपालीने मला हातात घेतले नाही. ऑफिसात लेझरचे नवे यंत्र आले. भिंतीवर लाल रेघ उमटली की सगळे वाहवा करत. ते यंत्र खोटे बोलत नाही. त्याचा मला कधी राग आला नाही. पुढे सुहास सरांनी स्वागताच्या दालनात एक काचेची पेटी करवून घेतली. तिच्यात जुनी थापी, काटकोन तपासायचा जुना गुण्या, चिऱ्याचा एक तुकडा मांडला आणि वर अक्षरे लावली, 'आमचा वारसा'. ते रूपालीला म्हणाले, "तुझ्या आजोबांचा ओळंबा देतेस? मधोमध छान दिसेल." तिने मला मुकाट्याने दिले. बहुधा मी तिच्या खणातून गेलो तर तिला हवेच होते.

कामगाराने मला सरस लावून पाठीमागच्या फळीवर पक्के बसवले. बसवताना त्याचा हात जरा चुकला, आणि मी किंचित तिरका चिकटलो. जन्मभर जो सरळ लोंबला, त्याने अडीच वर्षे तिरके राहायचे! येणारे लोक काचेवर बोट ठेवून म्हणत, "वा, काय सुंदर अँटिक आहे!" एवढे कौतुक मला कामाच्या दिवसांत कधी मिळाले नव्हते. पण मित्रांनो, त्या कौतुकात मला रोज गुदमरल्यासारखे होई.

गेल्या वर्षी श्रावणात अनगोळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कल्याणीबाई ऑफिसात आल्या. रूपाली त्यांची विद्यार्थिनी.

"चौथीच्या वर्गात उत्तरेच्या भिंतीला भेग दिसतेय," त्या म्हणाल्या. "मुलं त्याच भिंतीला पाठ लावून बसतात. एकदा बघून जातेस का गं?"

रूपाली लेझर घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली. तिचा चेहरा उतरला होता. ती सरळ काचेच्या पेटीपाशी आली, मागची फळी उघडली आणि सुरीने सरस खरवडून मला मोकळे केले. सुहास सर केबिनच्या दारात उभे होते.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

"सर, भिंत आज्जांनी बांधलीय. त्यांच्या ओळंब्यानं बघितल्याशिवाय मी काही लिहिणार नाही." सरांनी तिला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला चौथीच्या वर्गात सोडले. माथ्यापासून चार हात मी नीट उतरलो, आणि मग दोरी भिंतीला अडली. भिंतीने आतल्या बाजूला पोट काढले होते. सहा जागी पाहिले. सहाही जागी दोरी अडली. मित्रांनो, माझ्या साक्षीने उभी राहिलेली ती भिंत होती. तिला असे पाहणे मला जड गेले.

कारण रूपालीला लवकरच सापडले. बाहेरचा रस्ता दर खेपेला वर चढत चढत शाळेच्या जोत्याहून उंच झाला होता. पावसाचे सारे पाणी भिंतीशी तुंबत होते. त्यात काही वर्षांपूर्वी कुणा दानशूर माणसाने शाळा जुन्या काळची दिसावी म्हणून बाहेरून सिमेंट लावून दगडी फरश्या चिकटवून दिल्या होत्या. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. तो कोंडला. आत गेलेली ओल बाहेर येईना, आणि चिऱ्यांच्या दोन थरांमधली भर भिजून फुगत गेली. आणखी वाईट म्हणजे छपराची पन्हळ पिंपळाच्या पाल्याने बंद होती. ती साफ करायचे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

शाळेच्या अंगणात पालकांची बैठक झाली. शाळा सुधारणा समितीचा अध्यक्ष साईराज पुढेच बसला होता. तो फाउंड्रीत काम करी. त्याची मुलगी आरोही चौथीत होती. रूपालीने सांगितले, "उद्यापासून मुलांना या वर्गात बसवू नका. शेजारचे दोन वर्गही रिकामे करा. भिंत कधीही कोसळेल."

साईराज उठला. "ताई, एकदा पोरं भाईर काढली की मराठी शाळा परत भरत न्हाय. गल्लीच्या तोंडाला इंग्रजी शाळांच्या बशी येऊन थांबत्यात. शाळा रिकामी झाली की मग जागंवर डोळा ठेवणारी येत्यात. आमी काय बगितलं न्हाय व्हय?"

"शाळा पाडायला मी सांगत नाही. तेवढी भिंत उतरवून पुन्हा बांधता येते."

"निपाणीच्या वखारीवर तुझीच सही हुती न्हवं?" मागून कुणीतरी ओरडले. "माझी मावळण आत्या हुती त्या बायकांत!"

अंगणात एकदम कुजबुज झाली. रूपालीचा हात पिशवीत होता आणि बोटांनी तिने मला घट्ट धरले होते.

"होय," ती म्हणाली. "सही माझी होती. तिथल्या तीन भिंती ताठ होत्या. ते मी लिहिलं नाही. अर्धंच लिहिलं. चूक माझी आहे."

 मग साईराज म्हणाला, अगदी शांतपणे म्हणाला, "मंग आज पुरतं सांगालीस, हे कशावरनं?"

 मला त्या प्रश्नात काही चूक दिसली नाही. बैठक मोडली. दुसऱ्या दिवशी मुलांना नेहमीप्रमाणे चौथीच्या वर्गात बसवायचे ठरले.

घरी येऊन रूपाली भरमू मिस्त्रींच्या खाटेजवळ बसली. वखारीचे तिने त्यांना तोवर सांगितले नव्हते. आता दोन्ही भिंतींचे सांगितले. म्हातारे ऐकत राहिले. वखारीचे ऐकून त्यांनी मान फिरवून भिंतीकडे तोंड केले. ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते. मग त्यांनी विचारले, "माझी भिंत, म्हणतीस? उत्तरंची?"

"व्हय, आज्जा."

"उद्या मला ने."

सकाळी शाळा भरायच्या आधी ते काठी टेकत गल्लीतून निघाले. ऐंशीच्या पुढचा माणूस धोतर नेसून, टोपी घालून कुठे निघाला म्हणून लोक मागे आले. साईराजही आरोहीचा हात धरून आला. वर्गात रूपालीने त्यांना बाकावर चढवायला हात दिला, तो त्यांनी बाजूला केला. मग मागे आलेल्यांतल्या दोघांनी मिळून त्यांना वर धरले. त्यांनी ठोकळी माथ्याशी टेकवली आणि मला सोडले.

त्यांचा हात थरथरत होता. त्यामुळे मी थांबेना. मी डावीकडे जाई, उजवीकडे जाई.  भरमू मिस्त्रींनी डोळे मिटले, मनगट भिंतीला टेकवले आणि श्वास धरला. हळूहळू माझे हलणे कमी झाले. मी थांबलो. दोरी भिंतीच्या पोटाला अडून वाकलेली सगळ्यांना दिसली. त्यांनी वाकून पाहिले. दोरीवरून बोट फिरवत ते त्या फुगवट्यापर्यंत आले आणि तिथे त्यांनी तळहात ठेवला.

"गेलीया," ते म्हणाले. "माझी भिंत गेलीया."

"आण्णा, साठ वर्सं उभी हाय की," साईराज म्हणाला.

"माझ्या हातची हाय म्हणून पडायची ऱ्हाईल व्हय रं? पोरास्नी हितं बसवू नगा." मग त्यांनी रूपालीकडे बोट केले. "हिनं निपाणीत काय केलं ते हिचं हिला निस्तरू दे. पण आज ही पुरतं सांगालीया. मी बगितलं."

साईराजने आरोहीचे दप्तर बाकावरून उचलले. त्याच दिवशी मुले गल्लीतल्या मंदिराच्या सभामंडपात बसू लागली.

बारा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, पाऊस उघडला असताना ती भिंत बसली. फारसा आवाजही झाला नाही, असे शेजारचे सांगत. चिऱ्यांचा ढीग बाकांवर पडला होता. कल्याणीबाई दारात उभ्या राहून बाक मोजत होत्या. मोजता मोजता त्या मधेच थांबल्या आणि खाली बसल्या. प्रत्येक बाकावर कोण बसते, हे त्यांना पाठ होते.

आता सगळे नीट झाले असे तुम्हाला वाटेल. पण तसे झालेले नाही. साईराजची भीती खोटी नव्हती. मंडपात आल्यावर चौतीस मुलांतली अकरा मुले दुसऱ्या शाळांत गेली. आरोही राहिली. रूपालीने ऑफिस सोडले. त्याच चिऱ्यांनी, चुन्यात, भिंत पुन्हा कशी उभी करता येईल याचा नकाशा तिने काढून दिला आहे. तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतो आहे. चुन्याचे काम येणारे गवंडी मिळत नाहीत, म्हणून भरमू मिस्त्री शाळेच्या अंगणात खुर्ची टाकून दोन तरुण गवंड्यांना चुना पाण्यात विरवून मळायला शिकवतात. त्यांना दम लागतो. ते मधेच थांबतात. सगळे शिकवून होईल की नाही, कुणास ठाऊक. सुहास सर एकदा येऊन बराच वेळ ते पाहत उभे होते. भरमू मिस्त्रींनी त्यांना बसायला सांगितले, तर ते बसले नाहीत.

मध्यंतरी रूपाली निपाणीला गेली होती. अंबुबाई आता घरीच विड्या वळतात. रूपालीने वखारीचा पुरा अहवाल, तीन ताठ भिंतींसकट, पुन्हा लिहून नेला होता. खाली आपली सही केली होती. तिने तो वाचून दाखवला. अंबुबाईंची बोटे विडीवरून थांबली नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी तिला पाणी दिले आणि म्हणाल्या, "बरं लिवलंस. पर आता कुठल्या भिंतीला लावू ह्यो कागूद?"

रूपाली येताना बसमध्ये रडली. मी तिच्या पिशवीत होतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेची भिंतही अशीच कुणीतरी जीव लावून बांधलेली असेल. पावसाळ्याआधी पन्हळीत पाला साचला असेल, तर मोठ्यांना सांगून तो काढवून घ्या. भिंतीशी पाणी तुंबत असेल, तर ते वळेपर्यंत त्यांच्या मागे लागा. जुन्या भिंतीवर नवी फरशी चिकटवणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे. आणि कुणी येऊन म्हणाले की ही भिंत धोक्याची आहे, तर त्याच्यावर चिडू नका, आणि त्याचे आंधळेपणाने ऐकूही नका. त्याला म्हणा, चारही भिंती मोजून आम्हाला दाखवा.

तुमच्यातले कुणी उद्या रूपालीसारखे शिकतील. त्यांच्याही पुढे एखादा कागद येईल आणि कुणीतरी म्हणेल, एवढे खरे पुरे आहे, बाकीचे राहू दे. तेव्हा पेन खाली ठेवा. त्या भिंतीआड कोण बसले आहे, ते आधी जाऊन बघून या.